कार्ड गेममुळे बिघडलं नव्हतं

कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन आलेला बाप कॅबिनेट काउंटरवर ठेवायचा आणि मी पेचकस हातात घेण्याआधी मला दुकानाबाहेर बोलवायचा. बाहेर पानठेल्याच्या बाजूला उभं राहून, हळू आवाजात, सगळे बाप एकच सांगत. "भाऊ, दुरुस्त तर करून द्याच. पण पोट्ट्यांसमोर सांगून द्या, का गेममुळं बिघडला म्हणून. आमचं नाई ऐकत. तुमचं ऐकतील."

मी मान हलवायचो. आत येऊन चष्मा कपाळावर चढवायचो, कॅबिनेटमध्ये पाच मिनिटं उगाच डोकावायचो आणि जाहीर करायचो, "गेम बंद करा. नाहीतर पुढच्या वेळी मदरबोर्ड जाईल." बाप खूश व्हायचा, मुलं गप्प व्हायची. यात आपण खोटं बोलतो आहोत असं मला कधी वाटलं नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला हात द्यावा, तसं वाटायचं. दुरुस्तीचे पैसे घ्यायचो, या वाक्याचे कधी घेतले नाहीत.

नागपुरात बर्डीवरच्या एका गल्लीत तीस वर्षं मी हे काम केलं. मागच्या वर्षी दुकान बंद केलं. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, त्यातली एखादी सांगतोही. पण लिहायला बसलो तो गमतीसाठी नाही. एका मुलीबद्दल मी चारचौघांत खोटं बोललो होतो. ते चारचौघांतच दुरुस्त करायचं आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. ज्यांनी कॉम्प्युटरवर पत्रं टाइप केली आणि रेल्वेची तिकिटं काढली, त्यांना गेम खेळताना मशीन का बंद पडतं हे कळायला कारण नाही. पत्र टाइप करताना पडद्यावरचं चित्र जवळजवळ हलतच नाही. गेममध्ये गाडी वळली की रस्ता, झाडं, सावल्या, समोरून येणारी माणसं हे सगळं सेकंदात पन्नास-साठ वेळा नव्यानं काढावं लागतं. हे काढण्यासाठी मशीनमध्ये वेगळी पाटी बसवतात, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तिचा स्वतःचा पंखा असतो आणि तिची विजेची भूक मोठी असते. कॉम्प्युटरचं म्हणणं त्या कार्डाला समजेल अशा भाषेत सांगणारा एक प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. यातलं एक जरी बिनसलं की ऐन खेळात पडदा काळा होतो, आवाज एकाच अक्षरावर अडकून गुरगुरतो आणि आतले पंखे मात्र काहीच झालं नसल्यासारखे फिरत राहतात.

अशा मशीनकडे बघायचा माझा एक क्रम होता. आधी ड्रायव्हर मुळापासून काढायचा आणि त्या कार्डाला मानवणारा पुन्हा घालायचा. नवीन तोच चांगला असं नसतं. एका वकीलबाईंच्या मशीनमध्ये आपोआप नवा ड्रायव्हर आला आणि गेम उघडला की पडदा हिरवागार. मी जुना परत घातला, दहा मिनिटांत काम झालं. "एवढंच?" असं त्यांनी अशा काही सुरात विचारलं, की मला उलटतपासणी झाल्यासारखं वाटलं. ड्रायव्हरनं भागलं नाही तर कार्ड किती तापतं ते बघायचं. मग कार्ड उपसून त्याचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरनं घासायचे. गिऱ्हाइकाला हे पाहून फार वाईट वाटे. एवढ्या महाग वस्तूवर उपाय काय, तर खोडरबर! आणि एवढं करूनही जमलं नाही तर वीज तपासायची. मशीनला वीज पुरवणारा डबा आम्ही हातात घेऊन तोलायचो. हलका लागला तर वर काहीही छापलेलं असो, आत काही नाही असं समजायचं.

या क्रमाला माझ्या दुकानात अपवाद नव्हता. तो एकदाच झाला.

त्याआधी गांधीबागेतल्या सेठजींची गोष्ट सांगतो, कारण ती या गोष्टीशेजारी ठेवून बघावी लागते.

कापडाच्या ठोक बाजारात त्यांचं दुकान. वय साठीच्या पुढे. दुकानातला कॉम्प्युटर रोज दुपारी तीनच्या आसपास बंद पडतो, अशी तक्रार होती. सकाळी बिलं होतात, संध्याकाळी बिलं होतात, तीन वाजले की काळा पडदा. मी गेलो तेव्हा सेठजींनी दोन्ही मुलांना माल मोजायला गोदामात धाडलं आणि गादीवरून माझ्याकडे सरकले.

"भैया, आपसे क्या छुपाना. दोपहर को मार्केट ठंडा रहता है. मैं ट्रक चलाता हूँ."

"ट्रक?"

"कम्प्यूटर में. माल भरके. बर्फ के रास्ते से ले जाता हूँ." मग डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इसका ऑपरेशन हुआ तब से लड़के गाड़ी को हाथ लगाने नहीं देते. चालीस साल चलाई मैंने. कामठी रोड पे भी नहीं जाने देते."

मशीन उघडलं. कार्डाच्या पंख्यावर कापडाच्या गाठींमधला बारीक रोवा बसून बसून नमद्यासारखा थर झाला होता. पाती कशीबशी फिरत होती. ट्रक घाटात चढायला लागला की कार्ड तापायचं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडायचं. मी रंगाच्या ब्रशनं तो थर काढला. तेवढ्यात मुलं परत आली. "क्या निकला?" थोरल्यानं विचारलं.

"अकाउंटचं सॉफ्टवेअर भारी झालं आहे," मी म्हणालो. "कार्डावर ताण येतो. दर सहा महिन्यांनी साफ करून घ्या."

सेठजींनी हातातल्या कापडाच्या थानावरची नजर वर उचलली नाही. पुढची आठ वर्षं मी दर सहा महिन्यांनी त्यांचा पंखा साफ करायला जात होतो आणि ते मला कोणत्या गावापर्यंत पोचले ते सांगत होते.

आता नागपूरजवळचं खापरखेडा.

सुखदेवभाऊ तिथल्या वीज केंद्रात ऑपरेटर होते आणि कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांची एकुलती मुलगी प्रज्ञा दहावीला चांगली पास झाली, तेव्हा ते तिला घेऊन माझ्या दुकानात आले. मशीन मी जोडून दिलं. कॅबिनेटची एक बाजू पारदर्शक, तेव्हा तशी फॅशन होती. सुखदेवभाऊ पावती घडी घालून खिशात ठेवताना म्हणाले, "माझ्या बापानं दीक्षा घेतली, तवा पयली गोष्ट शिकला ते सही करणं. मी आयटीआय केलं. हे पोट्टी आता कुठवर जाते पाहू." ते ज्या रीतीनं हे बोलले, ते मला नंतर पुष्कळदा आठवलं.

त्यांच्या शिफारशीवरून कॉलनीतल्या दहा-अकरा घरांनी माझ्याकडून मशीनं घेतली.

पुढे अकरावीत असताना प्रज्ञा एकटीच बसनं आली. शिष्यवृत्तीचे पैसे जमवून तिला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. तिला एक शहर वसवायचा गेम आवडायचा. रस्ते आखायचे, नळ टाकायचे, वीजघर बांधायचं, लोक राहायला येतात, आणि शहर वाढलं की कशाची तरी टंचाई होते. कार्ड मी क्वार्टरवर जाऊन बसवलं. इथे माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. आतली वायरिंग नीटनेटकी असणं हा माझा अभिमान होता. दुसऱ्या कोणी जोडलेल्या मशीनमध्ये वायरी शेवयांसारख्या लोंबत असतात. माझ्या मशीनमध्ये त्या एकत्र बांधून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून, मागच्या बाजूनं नेलेल्या असत. त्या कार्डाला विजेचे दोन प्लग लागत होते. ते दोन वेगवेगळ्या वायरींवर लावायचे असतात. दुसरी वायर आखूड होती. लावली असती तर ती कॅबिनेटच्या मधोमध, त्या पारदर्शक बाजूसमोर, तिरपी ताणलेली दिसली असती. ते मला बघवेना. म्हणून दोन्ही प्लग मी एकाच वायरीवर लावले. त्याच वायरीवर हार्ड डिस्क होती, सीडी ड्राइव्हही होता. सगळं मागे गुंडाळून पट्टी आवळली. फार सुंदर दिसत होतं. प्रज्ञाच्या आईनंसुद्धा म्हटलं, "शिवणासारखं केलं तुम्ही."

दीड वर्षानं, बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात सुखदेवभाऊंचा फोन आला. मशीन सारखं बंद पडतं, एकदा येऊन जा. मी स्कूटरवर गेलो. मार्क चांगले होते, पण सुखदेवभाऊंनी मनात धरले होते तेवढे नव्हते. घरात पेढ्यांचा डबा उघडा होता आणि शेजारपाजारची आठ-दहा माणसं आलेली होती. सुखदेवभाऊंनी मला सरळ मागच्या अंगणात नेलं.

"भाऊ, हे पोट्टी कॉम्प्युटरवाली इंजिनेरिंग घेतो म्हणून राहिली. मी म्हणतो, तुले कॉम्प्युटर नाई पायजे, गेम पायजे. मार्क काहून कमी पडले? त्याच्यानंच ना? तुमी एक सांगून द्या."

"काय सांगू?"

"मी तुमाले सांगाची गरज आहे का?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी खोटं लिहीत नाही. ते मुलीचे वैरी नव्हते.

आत आलो. प्रज्ञानं गेम सुरू करून दाखवला. पाचव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मी वाकलो, तेवढ्यात तिनं माझ्यापुढे एक शंभर पानी वही धरली.

"काका, मी सगळं लिहून ठेवलं आहे. ड्रायव्हर तीन वेळा बदलून पाहिले, कोणता कोणता ते यात आहे. तापमान पण लिहिलं आहे. सत्तरच्या वर जात नाही, म्हणजे तापून बंद नाही पडत ना?"

मी पहिलं पान उघडलं. रकाने आखलेले होते. तारीख, वेळ, किती मिनिटांनी बंद पडलं. वही माझ्या हातातून सुखदेवभाऊंनी घेतली. दोन पानं उलटली आणि ती उघडी वही शेजाऱ्यांकडे फिरवली.

"पाहा! किती वेळ बसून राहे ते तिनंच लेहून ठेवलं आहे! सोमवार दोन घंटे. मंगळवार दीड घंटा. हे अभ्यास चालू होता इचा!"

लोक हसले. एक बाई म्हणाल्या, "लेहून ठेवाले तरी अक्कल वापरली वं माय."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. त्या खोलीत ते रकाने वाचता येणारा माणूस मी एकटा होतो, हे तिला माहीत होतं. मी काय करायला हवं होतं ते वर लिहिलं आहे. ड्रायव्हर, तापमान, खोडरबर, वीज. ड्रायव्हर आणि तापमान तिनं माझ्यासाठी करून ठेवलं होतं. राहिलं होतं काय, तर कार्ड उपसून बघणं आणि वायर तपासणं. पण वायर मी स्वतः लावली होती, आणि आमच्यात स्वतः लावलेल्या वायरीवर संशय घ्यायची पद्धत नाही. शिवाय ऊन होतं, मला परत जायचं होतं, आणि अंगणात मी मान हलवून आलो होतो.

चष्मा कपाळावर चढवला. "बेटा, गेममुळे कार्ड जळतं," मी म्हणालो. "हे मशीन अभ्यासासाठी असतं."

"पण काका, शहर लहान असते तेव्हा नाही बंद पडत. मोठं झालं का पडते. म्हणजे..."

"आता तू मला शिकवून राहिली का?" मी म्हणालो. पुन्हा सगळे हसले. तिनं वही मिटली. मला पेढा दिला गेला आणि मी तो खाल्ला.

दोन महिन्यांनी सुखदेवभाऊ कॅबिनेट खोक्यात घालून, मोटरसायकलला बांधून दुकानात आले. "कार्ड काढून टाका. कामापुरतं ठेवा." इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची शेवटची फेरी चालू होती, हे त्यांनीच सांगितलं. "कॉमर्सले टाकतो म्हटलं. खुद्द तुमच्यासारखा नागपूरचा माणूस सांगून गेला, गेमनं कार्ड जळलं, तर आता कॉम्प्युटरचं नाव नाई काढाचं घरात."

ते गेल्यावर मी पट्ट्या कापल्या. कार्डाचा प्लग बाहेर काढला तर त्याचं पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालेलं होतं. मला लगेच कळलं. कळायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. एका वायरीवर झेपणार नाही एवढा भार मी टाकला होता. साध्या कामात कार्ड कमी वीज घेतं, तेव्हा चालून जायचं. शहर मोठं झालं, कार्डाला जास्त वीज लागली की वायरीतला दाब खाली बसायचा आणि पडदा काळा.

मी दुसरी, आखूड वायर घेतली. मधोमध ताणून लावली. दिसायला वाईट दिसत होती. प्रज्ञाचा गेम मशीनमध्येच होता, तिचं शहर साठवलेलं होतं. ते सुरू केलं आणि समोर स्टुलावर बसलो. सत्तर हजार वस्ती झाली होती. तिनं नदीच्या काठाला वीजघर बांधलं होतं आणि त्याच्या मागे कॉलनी, अगदी खापरखेड्यासारखी रांगेत. दुपारभर ते शहर चाललं. गाड्या फिरत होत्या, घरांतले दिवे लागत होते. एकदाही बंद पडलं नाही.

फोन काउंटरवरच होता. नंबर पाठ होता. मी लावला नाही.

काय केलं ते सांगतो. खापरखेड्याच्या कॉलनीत माझ्या हातची जेवढी मशीनं होती, त्या सगळ्या घरांत पुढच्या पंधरा दिवसांत गेलो. "फ्री सर्व्हिस आहे," असं सांगितलं. ज्या दोन-तीन मशीनमध्ये मी अशीच सुंदर वायरिंग केली होती, ती सगळी सोडवून नीट लावून दिली. लोकांनी चहा पाजला, माणूस प्रामाणिक आहे म्हणाले. सुखदेवभाऊंच्या दारावरून दोनदा गेलो. मशीनं दुरुस्त करत फिरलो आणि ज्या घरात खोटं बोललो होतो, त्या घराची पायरी चढलो नाही. गांधीबागेत एका सुखवस्तू माणसाचा खेळ मी लपवला होता, त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही होतं. अठरा वर्षांच्या मुलीचा खेळ चारचौघांत मांडला. दोन्ही मशीनांत दोष खेळाचा नव्हता. फरक एवढाच, की सेठजींना कोणी काही विचारणार नव्हतं.

कार्ड दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेलं. त्याच्याकडे ते सात वर्षं बिनतक्रार चाललं. वही कॅबिनेटच्या खोक्यात राहून गेली होती, ती मी टेबलाच्या खालच्या खणात टाकली. तिच्यावर इतर कागद येत गेले.

मागच्या वर्षी दुकान आवरताना ती निघाली. एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून मी ती पहिल्यांदा वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बारा-तेरा वर्षांनी.

त्या मुलीनं काय काय केलं होतं! खिडकी उघडी ठेवून आणि बंद ठेवून. पंखा कॅबिनेटसमोर लावून. सकाळी, दुपारी. आवाज बंद करून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मला ते शिकायला चार वर्षं लागली होती. "दहा हजार वस्ती: बंद पडलं नाही. वीस हजार: बावीस मिनिटांनी. चाळीस हजार: नऊ मिनिटांनी." ज्या दोन तासांवर लोक हसले होते, त्या तासांत ती खेळत नव्हतीच. शहर तसंच उघडं ठेवून, घड्याळ समोर घेऊन, बंद कधी पडतं याची वाट बघत होती. बऱ्याच ठिकाणी कंसात लिहिलं होतं, "तोवर केमिस्ट्री केली."

शेवटच्या पानावर हे होतं: "सीडी आत असली आणि फिरायला लागली की दोन मिनिटांत बंद. तीन वेळा पाहिलं. सीडी ड्राइव्ह आणि कार्ड एकाच वायरवर आहेत का? वायरी मागे बांधल्या आहेत, दिसत नाही. काकांना विचारायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खापरखेड्याला गेलो. सुखदेवभाऊ निवृत्त झाले आहेत, तिथेच घर बांधलं आहे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधी सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एकाच फीडरवर सारा लोड टाकला तुमी."

"हो."

"लोड वाढला का ट्रिप." त्यांनी हात कपाळाला लावला. "तीस वर्सं मी हेच पाहत बसलो ना गा भाऊ कंट्रोल रूममदी! घरात तेच होऊन राहिलं होतं. मले कोणी 'लोड' म्हटलं असतं तर मी तितल्या तिथं समजलो असतो."

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट रकान्यांवरून खाली नेत वाचू लागले, सावकाश. शिफ्ट बदलताना माणूस आधीच्या पाळीची नोंद वाचतो, तसं. तिसऱ्या-चौथ्या पानावर बोट थांबलं.

"हे तर लॉगबुक आहे," ते म्हणाले. "मी याच्यात फक्त घंटे मोजले."

पुढची पानं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग त्यांनी वही मला परत दिली. "तुमीच नेऊन द्या तिले. माझं मी वेगळं बोलतो."

प्रज्ञा उमरेडला असते. तिथल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. नवरा शाळेत शिक्षक आहे, एक मुलगी आहे. एसटीनं गेलो, जेवणाच्या सुटीत पोचलो. तिनं मला ओळखलं, काका म्हणूनच हाक मारली. ऑफिसच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो आणि मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. बसमध्ये वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"बाबांचा फोन आला होता काल," ती म्हणाली. "बाकी काहीच नाही बोलले. फक्त विचारलं, सीडी फिरली का बंद पडे का वं? मी म्हटलं, हो. मग गप्पच बसले. फोन ठेवला पण नाही."

"तुझं फार नुकसान केलं मी," मी म्हणालो.

तिनं डबा उघडता उघडता थांबून विचार केला. "आयुष्य वाया-बिया नाही गेलं काका. तसं नका समजू. इथली सगळी कॉम्प्युटर मीच पाहते, बाहेरून माणूस नाही बोलवत. इंजिनेर झाली असती का नाही, मले काय माहीत." मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पण मी खोटी नव्हती. त्या दिवशीपासून घरात मी काहीही सांगितलं का बाबा म्हणत, लेहून आण, तुले सवय आहे. आणि लोक हसत. लग्नात पण कोणीतरी म्हटलं. नवऱ्याले माहीत आहे ते, मुलगी मोठी होईल तर तिले पण कोणीतरी सांगेल."

तिनं वही घेतली. मागून उघडली. शेवटची ओळ वाचून ती जराशी हसली आणि टेबलावरचं पेन माझ्यापुढे ठेवलं.

"काकांना विचारायचं, असं लिहिलं आहे. विचारलं समजा. उत्तर लिहा."

मी लिहिलं. दोन प्लग, एक वायर, सीडी ड्राइव्ह त्याच वायरीवर. तिनं वाचून पाहिलं, एक शब्द लागला नाही म्हणून विचारला, आणि म्हणाली, "खाली सही." मी सही केली.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "मॅडम, प्रिंटर पाहा ना!"

"आली," ती म्हणाली. वही तिनं डब्याच्या पिशवीत घातली आणि दारापाशी थांबली. "हे माझ्यापाशी राहील काका. पण त्या दिवशी घरात आठ-दहा लोक होते. त्यांच्यापाशी वही नाही."

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये पेढे खायला आलेले जे कोणी हा अंक वाचत असतील, आणि ज्यांच्याकडून पुढे ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट हसून ऐकली असेल, त्या सगळ्यांसाठी. कार्ड चांगलं होतं. ड्रायव्हर बरोबर होता. गेमनं काही जळलं नव्हतं. चुकीची वायर मी लावली होती. बिघाड कुठे आहे ते प्रज्ञानं माझ्याआधी शोधलं होतं, लिहूनही ठेवलं होतं, आणि मी ते वाचलं नाही.